आक्काने राखलेला चिखल

ओढ्याच्या काठी तो चिखलात चोच खुपसत होता. पाठ काळपट, पोट पांढरंशुभ्र, शेपटी सारखी खालीवर. मी पक्ष्यांच्या नोंदवहीत लिहिलं: हिरवा तुतवार. नावापुरताच हिरवा.

"दर थंडीला येतो हा," काठालगत जिचं शेत आहे ती शांताक्का म्हणाली. "कुठला म्हणायचा?"

मी सांगितलं, पार उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातला. तिथल्या जंगलात, दुसऱ्या पाखरांनी सोडलेल्या घरट्यात हा अंडी घालतो. ती झाडं आता तोडली जातायत.

आक्का त्याच्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे तिथंही घर दुसऱ्याचंच."

आठवड्याने काठ सरळ करायला जेसीबी आला. आक्काने आपल्या शेतालगत तो थांबवला.

"इथला चिखल राहू दे."

"काठ वाकडा दिसंल, आक्का," चालक म्हणाला.

"दिसू दे."

तेवढा तुकडा राहिला.

ते जंगल मी पाहिलेलं नाही. तिथंही कुणीतरी असंच एखाद्या झाडापाशी उभं राहत असेल. त्याला आक्का माहीत नाही, आक्काला तो. दोघांपैकी एकजण जरी बाजूला झाला, तरी या पाखराचं येणं संपेल.

मी मात्र इतकी वर्षं वहीत त्याचं नुसतं नाव लिहीत आलो.