नळदुर्गला राहून गेलेला चौथा अध्याय

हैदराबादला जाता-येता नळदुर्गची पाटी किती वेळा मागे गेली असेल! दरवेळी मान वळवून बघायचं आणि पुढच्या वेळी उतरू म्हणायचं. या जानेवारीत मात्र खास नळदुर्गसाठीच निघाले. बाबा तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होते, माझं सगळं बालपण तिथलं. शेजारच्या रूथमावशी अजून त्याच घरात राहतात हे कळलं आणि मग थांबवेना.

पुण्याहून पहाटेच्या रेल्वेनं सोलापूर, तिथून एसटीनं तासाभरात नळदुर्ग. बायकांना अर्धं तिकीट. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसांवर आलेली. हायवेवरच्या ढाब्यावर भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली; शंभर-सव्वाशेत पोट भरतं. राहायला साधे लॉज आहेत, पण मावशींनी फोनवरच दम भरला होता, "लॉजात उतरलीस तर माझ्या दारात येऊ नको."

आधी किल्ल्यावर गेले. (तुम्ही सकाळी जा, दुपारी दगड तापतात. धबधबे बघायचे तर पावसाळ्यातच.) तटावरून चालताना फ्रॉकातली मी दिसत राहिले. रविवारी दुपारी इथं पळून यायची कोण घाई असायची! पण त्याआधी एक काम असे. मावशींना वाचता येत नव्हतं, म्हणून बाबा मला त्यांच्याकडे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायला पाठवत. त्यांना योनाची गोष्ट फार आवडायची. देवानं निनवे शहराला इशारा द्यायला धाडलेला योना उलटीकडे पळतो, माशाच्या पोटात तीन दिवस काढतो, शेवटी जातो. शहर पस्तावतं आणि वाचतं.

मावशी आता ऐंशीच्या घरात आहेत. दारात म्हैस, भिंतीवर लेकीचा, मार्थाचा फोटो. मार्था बाळंतपणात गेली हे मला ठाऊक होतं. तेव्हापासून मावशींनी चर्चमध्ये उपासनेला जाणं सोडलं, हे ठाऊक नव्हतं.

"का, मावशी?"

"त्या दिशी म्या त्याला तोंडाला येईल ते बोलले," वर बोट दाखवत त्या म्हणाल्या. "देवाला असं बोलल्यावर कुठल्या तोंडानं जायचं?"

चहा झाल्यावर म्हणाल्या, "ती माशाची गोष्ट वाच की. तुझ्यावानी कुणी वाचत न्हाय."

मी मोबाइलवर वाचू लागले. तिसरा अध्याय संपला आणि मी थांबले. पुढं चौथा होता. खेळायला उशीर होतो म्हणून दर रविवारी मी इथंच 'संपलं' म्हणायचे.

"मावशी, गोष्ट इथं संपत नाही. मी तुम्हांला फसवत होते."

त्या उठून म्हशीपुढं कडबा टाकून आल्या. मग बसल्या. "वाच."

चौथ्या अध्यायात योना देवावरच चिडतो. शत्रूचं शहर वाचलंच कसं? यापेक्षा मरण बरं, म्हणतो. देव एक वेल उगववून त्याला सावली देतो. वेल वाळतो, योना आणखी चिडतो. देव त्याला झिडकारत नाही. तुझं हे रागावणं बरं आहे का, असं विचारत राहतो. शेवटी म्हणतो, एका वेलासाठी तू एवढा हळहळतोस, मग इतक्या माणसांची आणि गुराढोरांची मला कीव येऊ नये?

"गुरंढोरं बी म्हणला?"

"हो."

"आन् हा तोंडावर चिडला, तरी देव त्याच्यापाशी बोलत बसला?"

"बसला."

मावशींनी पदर तोंडाला लावला. "हे मला तवाच कळाय पायजे होतं, बाय."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी माझा हात हातात घेतला, पण 'जाऊ दे' काही म्हणाल्या नाहीत.

रविवारी सकाळी त्यांनी धुवट पांढरं लुगडं काढलं. "किती वाजता असती आता उपासना?" चर्चचं छोटंसं मंदिर, पंचवीस-तीस माणसं. मावशी मागच्या बाकावर बसल्या. गायल्या नाहीत, डोळेही मिटले नाहीत. बाहेर येताना म्हणाल्या, "राग गेला न्हाय अजून. पण बसले."

पुण्याला परतले. इतकी वर्षं नळदुर्ग नुसतं गोड आठवायचं. आता त्यात एक टोचणी आहे, आणि ती राहू दे असं वाटतं. मुलांना गोष्ट सांगताना आपण मासा दाखवून थांबतो. चिडलेल्या माणसाशेजारी बसलेला देव राहूनच जातो.

पुढच्या रविवारी मावशींचा फोन आला. एकट्याच गेल्या होत्या.

"आज बोलले त्याला. मार्थाचं समदं बोलले."

"मग?"

"मन भरंस्तवर बसले. कुणी ऊठ म्हणलं न्हाय. ठेव आता, धार काढायचीय."