अंगठ्यापासून करंगळीपर्यंत

चुडाव्यात माझ्या घराला लागूनच सत्यशीलाचं घर. चौतिशीची ही बाई पायमशीनवर ब्लाउज शिवते. इकडे भांडी घासता घासता मला नुसत्या आवाजावरून कळायचं, सरळ शिलाई चाललीय की बाहीचा गोल. दिवाळीनंतर तो आवाज अडखळायला लागला. आधी उजव्या डोळ्याला धुरकट दिसायचं. ते महिनाभरात गेलं. मग डावा पाय बधिर झाला.

नवऱ्यानं, सिद्धोधननं, तिला रेल्वेनं नांदेडला नेलं. मेंदूचा एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत पांढरे ठिपके आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस असेल, नसेलही. आत्ताच सांगता येत नाही, तीन महिन्यांनी परत बघू.

"आजाराचं नाव सांगितलं, अन् त्यो मला हाय का ते न्हाई," सत्यशीला म्हणाली. "काकू, माप घेतलं अन् कापडच दिलं न्हाई, असं झालं बघा."

तिच्या सासूबाई, मालनबाई, थांबणाऱ्या नव्हत्या. "वातच हाय. माझ्या मायचा मी विटंनंच घालवला व्हता." त्यांनी चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि सुनेच्या तळपायाला लावून धरली. सत्यशीला ब्लाउजला हूक लावत बसली होती, मी समोरच. करपल्याचा वास आला. मला वाटलं, फडकं असेल. पाय उचलून बघितला तर तळव्यावर पुरीएवढा फोड.

"अगं, तोंड न्हाई का तुला? बोलायचं तरी!" मालनबाई ओरडल्या.

"कळलंच न्हाई, आत्या."

हूक तिच्या चिमटीत तसाच राहिला. मालनबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तेव्हापासून रोज सकाळी त्या सुनेचा तो पाय मांडीवर घेतात, तिला डोळे मिटायला लावतात आणि अंगठ्यापासून एकेक बोट चिमटीत धरतात.

"कोणतं?"

"अंगठा."

"आता?"

"त्याच्या शेजारचं."

करंगळीपर्यंत सत्यशीलाचं एकही चुकत नाही. "बघा बाई, पाय जागा व्हायलाय," मालनबाई मला सांगतात, सगळ्या गल्लीला सांगतात. सिद्धोधन कामावरून आला, की दारातच त्याला सांगतात.

काल ब्लाउज आणायला गेले, तेव्हा हेच चालू होतं. नांदेडच्या तारखेला एकोणीस दिवस उरलेत. मधलं बोट झालं. "आता?" म्हणाल्या आणि मालनबाईंना ठसका लागला. दोन्ही हातांनी त्यांनी पदर तोंडाशी धरला. पायाला कुणाचाच हात नव्हता.

"करंगळीच्या शेजारचं," डोळे मिटलेली सत्यशीला म्हणाली.

ठसका थांबला. मालनबाई सुनेच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी ब्लाउजची घडी उलगडून उगीच काजं बघायला लागले.

"बरोबर हाय, माय," त्या म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले आणि करंगळी धरली.

"आता?"