दाराबाहेरचा ओटा

मंडळी, आज आमच्या आर्किटेक्टबाईंना मनातल्या मनात हात जोडले.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या नव्या बिल्डिंगमध्ये त्यांनी प्रत्येक फ्लॅटच्या दाराबाहेर रुंद ओटा ठेवलाय. मी तेव्हा भांडलो होतो, "ही जागा हॉलला द्या की!" राहायला आल्यावर त्या ओट्यावर चपलांचा स्टँड ठेवून दिला.

आई फर्दापूरहून आल्यापासून "मला गावाकडं सोड" म्हणायची. कपड्यांची पिशवी कायम भरलेली.

आज ऑफिसातून आलो, तर स्टँड खाली अन् ओट्यावर आई! शेजारच्या शबानाभाभींसोबत मेथी निवडत होती. मेथी त्याच पिशवीत.

"आई, कपडे कुठंयत?"

"कपाटात ठेवले. मेथी आणायला पिशवी लागत नाय व्हय?"

तुमच्या दाराबाहेर कोण बसतं, माणसं की चपला?