नाक्यावर मी आजींना घाई केली

मंडळी, आज सकाळी खालापूरजवळच्या आपल्या नाक्यावर शेजारच्या नव्वदीच्या आजींना दवाखान्यात नेत होते. रस्ता ओलांडताना त्या मध्येच थांबल्या.

"चला ना आजी, पटकन!" मी वैतागून त्यांचा हात ओढला.

पलीकडे गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "लढाईच्या साली हितनं लष्कराच्या लाऱ्या जायच्या गं. मी आठ वर्सांची व्हते. धाकटा भाऊ रस्त्यात यायला भ्यायला, तर मीच वरडले, पळ रं. त्यो पळाला. लारी थांबली नाय."

दिवसभर तेच मनात घोळतंय.

या नाक्यावर अजून पांढरे पट्टे नाहीत. उद्या अर्ज देतेय. सही करायला कोण कोण येतंय?