हळदीने माखलेला बैल

तुपात हळद गरम झाली, की मला माझा तो अतिशहाणपणा आठवतो. लग्नानंतरचा पहिलाच पोळा, गाव धुळ्याकडचं, आणि मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली! आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी तूप-हळदीची वाटी हातात दिली. म्हणाल्या, "बैलना खांदाले चोळ बेटी. जू घासाईसन सोलायना शे, हळद लाई म्हंजे भरी जाई." मला वाटलं, लग्नात मला नखशिखांत हळद लावली, मग या बिचाऱ्याला खांद्यापुरतीच का? घरातला हळदीचा डबा रिकामा केला आणि पांढराशुभ्र बैल शिंगांपासून शेपटीपर्यंत पिवळा करून टाकला. सकाळी सासरे गोठ्याच्या दारातच थबकले. सासूबाईंनी आणि मी बैल घासघासून धुतला, पण रंग काही हटेना. आता गावभर सासऱ्यांचं हसं होणार म्हणून मी चुलीजवळ मुसमुसत बसले. त्यांनी मात्र बैलावर झूल टाकली आणि त्याला पोळ्यात नेलंच. दिवेलागणीला परतले, ते अंगणातूनच ओरडत आले, "बेटी, बठ्ठा गावना बैलेसमा आपलाच उठी दिखना! लोके इचारेत, हळद कोनी लाई? मी छाती ठोकीसन सांगं, मन्ही सूननी!"