नमुना आठमधला बैल

देवानंद भाऊसाहेबांनी पुतळीच्या नवऱ्याला बैल केलं, ते बसल्या जागेवरून. खुर्चीतून उठायचीसुद्धा गरज पडली नाही.

ऐनपाड्यात घरपट्टीची फेरआकारणी चालली होती. दर चार वर्षांनी ग्रामसेवकाने टेप घेऊन दारोदार फिरायचं, घर कुडाचं की विटांचं, माणसांचं की गुरांचं ते आत जाऊन बघायचं आणि नमुना आठ नावाच्या रजिस्टरात चढवायचं, असा नियम आहे. ग्रामसेवकाला गाव भाऊसाहेब म्हणतं. हे भाऊसाहेब बार्शीकडचे, मोखाडा तालुक्यात येऊन सहा महिने झालेले, आणि पायात नाडीचे बूट. त्या दिवशी सकाळपासून सव्वीस दारांत त्यांनी नाडी सोडली होती नि सव्वीस वेळा बांधली होती. सत्ताविसावं घर रंगूचं. रंगूने अंगणात प्लास्टिकची खुर्ची टाकली, हातात काळा चहा दिला, आणि भाऊसाहेबांचा बार्शीपासूनचा सगळा शीण त्या खुर्चीत उतरला.

रंगूचं घर मोजून झालं. शेजारी कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं एक बुटकं छप्पर होतं. भाऊसाहेबांनी पेनाने तिकडे दाखवलं.

"ते काय आहे?"

"तिथं? तिथं ढवळू न गौरा रेहतात."

"दिसत नाहीत ते."

"ढवळू खाली गेलाय कामाला. दिवाळी झाली का जातो तो, होळीला येतो. गौरा गेली रानात."

"मग त्यांचं बघतं कोण?"

"वयनी. पाणी आणाया गेली ती."

भाऊसाहेबांच्या वडिलांच्या दावणीला एक ढवळ्या होता आणि एक गौरी होती. त्यामुळे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं. बैल भाड्याने कामावर, गाय चरायला, बाई गुरांच्या पाण्याला. चित्र इतकं भरलेलं होतं की त्यात माणसाला शिरायला जागाच उरली नव्हती. त्यांनी लिहिलं, 'रंगू यांचे घर व त्यास लागून गुरांचा गोठा. गुरे दोन: ढवळू (बैल), गौरा (गाय).' चहा संपवला आणि अठ्ठाविसाव्या घरी गेले.

रंगू एक अक्षर खोटं बोलला नव्हता. ढवळू त्याचा सख्खा भाऊ. गौरा ढवळूची मुलगी, बारावी पास, त्या दिवशी लाकडं आणायला गेलेली. आणि वयनी म्हणजे पुतळी.

ही पुतळी ऐनपाड्यात फार कोणाशी भांडत नाही, कारण फार कोणी तिच्याशी भांडत नाही. सासरा गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा रंगूला घर आलं आणि ढवळूला अंगण. ढवळू स्वभावाने गरीब. अंगण मिळालं तर अंगण, म्हणून तो वसईला बांधकामावर निघून गेला. पुतळीने मात्र कारवी आणली, मेढी रोवल्या, कूड विणला, माती तुडवली, छप्पर शाकारलं. होळीला ढवळू परत आला तो स्वतःच्याच घरावरून पुढे निघून गेला, ओळखलंच नाही. तिने मागून हाक मारली, "कवं चाललास? घर इकडं हाय." तिला लिहिता येत नाही, पण कागद मात्र सगळे आहेत, नागलीच्या कणगीत एका पिशवीत, रंगावरून ओळखते. पिवळं रेशनचं, हिरवं रोजगाराचं. नमुना आठचा पांढरा कागद तेवढा नव्हता. यंदा तो होईल म्हणून ती वाट बघत होती.

आकारणीची यादी पंचायतीच्या भिंतीवर लागली. गौराने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि घरी येऊन आईला सांगितलं, "आये, बा बैल झालाय. मी गाय. तू यादीतच नाय."

घोळ एवढ्यावर थांबता तर हसून संपला असता. पण यादी रंगूनेही वाचली. त्याच दिवशी त्याने आपला रेडा आणून पुतळीच्या पडवीत बांधला. म्हणाला, "सरकार म्हणतं गोठा, न गोठा माझा. मग रेडा काय देवळात बांधू?" पुतळीने तो सोडला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा बांधला, तिने पुन्हा सोडला. आठवडाभर हे चाललं. शेवटी रेडाच कंटाळून अंगणात दोन्ही दारांच्या मधोमध बसून राहायला लागला.

यादीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हरकत असल्यास तीस दिवसांत घ्यावी. नाही घेतली तर पुढची चार वर्षं ढवळू बैल, घर गोठा आणि गोठा रंगूचा. विसाव्या दिवशी मायलेकी पंचायतीत हजर झाल्या.

"काय नाव?" भाऊसाहेबांनी मान वर न करता विचारलं.

"गौरा."

"पूर्ण नाव."

"गौरा. गाय. रानात चराया गेल्ती, आत्ता आली." तिने अर्ज टेबलावर ठेवला. अर्जदाराच्या नावापुढे खरोखरच कंसात 'गाय' लिहिलं होतं.

भाऊसाहेबांनी अर्ज वाचला. कान आधी गरम झाले, मग लाल. त्यांनी खुर्ची पुढे केली. पुतळी बसली नाही.

"तू आत आलता का?" तिने विचारलं.

या डोंगरात साहेबाला तू म्हणतात, कलेक्टर आला तरी तू म्हणतील. घरच्या बोलीतच तसं आहे, त्यात अपमान नसतो. भाऊसाहेब हे सहा महिन्यांत शिकले होते. पण पुतळीच्या त्या 'तू'मध्ये अपमान होता. चांगला घोळून घातलेला होता.

"मावशी, नजरचूक झाली..."

"नजर व्हती कवं? तू त्याच्या खुर्चीत व्हता."

"तुमच्या दिरांनी जी नावं सांगितली ना, ती जरा... आमच्याकडे ढवळ्या म्हणजे बैल असतो हो."

भाऊसाहेबांना वाटलं, बाई हसेल. गौरासुद्धा हसली नाही.

"त्याला बैल मी म्हणते," पुतळी म्हणाली. "तू कोण म्हणणार?"

मंगळवारी सरपंच शीलाताईंना घेऊन भाऊसाहेब पाहणीला आले. रंगूने तीच खुर्ची तिथेच टाकून ठेवली होती. पण पुतळीने सकाळी रेडा उठवून त्या खुर्चीच्याच पायाला नेऊन बांधला होता. भाऊसाहेब जवळ गेले, रेडा बिथरला आणि खुर्ची ठकठक आपटत माळाकडे निघून गेली. रंगू तिच्यामागे धावला.

"आता आत ये," पुतळी म्हणाली. "बूट काढ."

भाऊसाहेबांनी नाडी सोडली. दार बुटकं. वाकायचं ते जरा उशिरा वाकले, आणि वरच्या आडव्या लाकडाने त्यांच्या कपाळावर आपली नोंद केली. पुतळीने 'लागलं का' असं विचारलं नाही.

आत गारवा होता. कोपऱ्यात चूल, तिच्यात अजून विस्तव. कणगी. खुंटीवर ढवळूचा लग्नातला सदरा. भिंतीवर गौराचं बारावीचं गुणपत्रक चिकटवलेलं. भाऊसाहेब त्या गुणपत्रकापुढे जरा जास्तच वेळ उभे राहिले. गायीला मराठीत त्र्याऐंशी होते.

"मोज," पुतळी म्हणाली.

त्यांनी मोजलं. तिने एक भिंत पुन्हा मोजायला लावली. मग पडवी. तोवर रंगू खुर्ची खांद्यावर घेऊन धापा टाकत परतला होता.

"सरपंचबाई, माझी बी हरकत लिवा. चूल काय, गोठ्यात बी पेटवता येती. जागा माझ्या घराला लागून हाय. कागदात तसंच हाय. भिंतीला भिंत लागलीय!"

शीलाताईंनी भाऊसाहेबांकडे बघितलं. कागदात तसंच होतं, आणि कागद भाऊसाहेबांच्याच अक्षरात होता.

पुतळीने भाऊसाहेबांच्या हातातल्या टेपचं टोक धरलं आणि चालायला लागली. घराच्या मागच्या अंगाला वळून ती दोन भिंतींच्या मध्ये शिरली. तिथे एक बोळ होती. सरळ, स्वच्छ, झाडून ठेवलेली. पुढून तुरीच्या काड्यांचे भारे लावले होते, त्यामुळे रंगूच्या खुर्चीतून ती दिसायची सोयच नव्हती.

"किती?" शीलाताईंनी विचारलं.

"अडीच फूट," भाऊसाहेब आतून म्हणाले. बोळ अरुंद आणि भाऊसाहेब बार्शीच्या ज्वारीवर पोसलेले. ते आडवेच बोलत होते.

"एवढी जागा कशाला सोडली गं?"

"मेढी रोवल्या तवाच सोडली," पुतळी म्हणाली. "याची भिंत माझ्या भिंतीला लागली, का एक दिवस हा म्हणल दोन्ही माझ्या."

रंगूने खुर्ची खाली ठेवली. तिचा एक पाय गेला होता, त्यामुळे ती ठेवल्या ठेवल्या लवंडली.

"लिहा, भाऊसाहेब," शीलाताई म्हणाल्या. "वेगळं घर. लागून नाही."

भाऊसाहेबांनी अनवाणीच, अंगणातल्या दगडावर बसून, जुन्या ओळीवर लाल रेघ मारली. शीलाताईंनी रेघेशेजारी सही केली. मग खाली नवी ओळ. 'कुडाचे घर. वापर राहण्यासाठी. पुतळी व ढवळू, दोघांचे.' पुतळीने पुढे होऊन त्या ओळीवर बोट ठेवलं.

"यात मी कवं?"

"ही बघा. पहिलीच."

तिने त्या अक्षरांवरून सावकाश बोट फिरवलं. भाऊसाहेबांना वाटलं, आता राग निवळला. त्यांनी बूट ओढले, कपाळावरचं टेंगूळ चाचपलं आणि जरा सलगीने म्हणाले, "झालं ना मनासारखं? पण मावशी, घर लिहिलं म्हणजे दरसाल घरपट्टी आली. गोठाच राहिला असता तर सुटला असतात. आता पट्टी भरणार कोण?"

पुतळीने रजिस्टर मिटून त्यांच्या हातात दिलं.

"बैल भरील."