मोनालीने सही केली नाही

नेपानगरच्या कागद कारखान्यात राबलेल्या रामदास बोरोलेंची मुलगी मोनाली बुऱ्हाणपूरला विद्यापीठाच्या संगणक विभागात नोकरीला होती. संशोधनासाठी क्लस्टर उभा करायचं ठरलं, म्हणजे अनेक संगणक जोडून एकच मोठं गणित सोडवायचं. केळीवरच्या रोगाचा अभ्यास करणारे त्याची वाट बघत होते. यंत्रं निवडणाऱ्या समितीत इतर सदस्यांबरोबर मोनाली होती आणि विभागप्रमुख शालिग्राम सर.

सरांनी एका पुरवठादाराची नवीकोरी यंत्रं मनात पक्की केली होती. उद्घाटनाचा दिवसही ठरवून टाकला होता. क्लस्टर चालणार होता लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच पण मोफत मिळणाऱ्या संगणकप्रणालीवर.

"लिनक्सवर चालतील?" मोनालीने पुरवठादाराच्या माणसाला, विपुलला विचारलं.

"मॅडम, सब चलता है."

"मग एक यंत्र आणा. चालवून बघते."

सर वैतागले, पण यंत्र आलं. मोनालीने लिनक्स टाकलं, यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्क कार्डाचा विपुलने दिलेला ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, टाकला. सगळं सुरळीत चाललं. विपुल हसला. मग तिने लिनक्स अद्ययावत केलं आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. नेटवर्क कार्ड गायब! नव्या लिनक्सशी कंपनीचा ड्रायव्हर जुळेना.

"तो अपडेट मत करो ना," विपुल म्हणाला.

"आणि सुरक्षेची भोकं उघडी ठेवू?" ती सरांकडे वळली. "सर, मागच्या पिढीची यंत्रं घेऊ. त्यांच्या कार्डांचे ड्रायव्हर लिनक्समध्येच असतात, कोणापुढे हात पसरावे लागत नाहीत."

"लोक काय म्हणतील, जुना माल उचलला? सही करून टाका."

"नाही करणार."

"तुमची बढती माझ्याच हातात आहे, मॅडम."

"असू द्या."

घरी रामदास घाबरले. "पोरी, साहेबाशी पंगा कशाले घेते? नोकरी हाय."

"बाबा, सही केली तर उद्या बंद पडलेल्या यंत्रांना मीच जबाबदार. आणि खोटं आहे हे माहीत असून सही करू?"  मथुराबाई, तिची आई, एवढंच म्हणाली, "जेवून घे आधी."

समितीच्या बैठकीत मोनालीने तेच यंत्र सगळ्यांसमोर पुन्हा सुरू करून दाखवलं. कार्ड दिसलं नाही. मग बाकीच्या सदस्यांनीही सही करायला नकार दिला. खरेदी थांबली, उद्घाटन रद्द झालं. सरांनी तिच्याशी बोलणं सोडलं.

पुढच्या खरेदीत तिने सुचवलेलीच यंत्रं आली. तिने प्रत्येकावर दिवसभर जड गणितं चालवली, दोन खराब निघाली ती परत धाडली. भर मे महिन्यात क्लस्टर सुरू झाला, आणि केळीवाल्यांचं पहिलं काम अडथळ्याविना पार पडलं.

बढती मात्र दुसऱ्याला मिळाली. सहकारी पूजाने विचारलं, "पछतावा होतोय?"

"राग येतो," मोनाली म्हणाली. "पछतावा कशाचा? बढतीसाठी पुढच्या वर्षी परत अर्ज करणार आहे. नाकारतील तर नाकारू देत, कारण लेखी मागेन." आणि यंत्रांच्या खोलीत जाऊन तिने त्या महिन्याचं अपडेट सुरू केलं.